ॲक्सेसमधील लायब्ररी-संदर्भांचे आज्ञावलीद्वारे वाचन : स्वरूप, पद्धती आणि उपयोजन

प्रस्तावना

महाविद्यालयीन कामकाजात संगणकाचा वापर रूढ होत गेला, तसतशा प्रवेश, शुल्क, अंतर्गत गुण, ग्रंथालयातील देवघेव आणि निरनिराळे दाखले यांसाठी छोट्या आज्ञावल्या जागोजागी तयार झाल्या. मोठी व्यावसायिक प्रणाली विकत घेणे प्रत्येक संस्थेला परवडणारे नसते. अशा ठिकाणी संगणकाची आवड असलेला एखादा प्राध्यापक किंवा लिपिक मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस-साधनाच्या साहाय्याने गरजेपुरती व्यवस्था उभी करतो. १९९२ मध्ये प्रथम बाजारात आलेल्या या साधनात ॲक्सेस ९५ या आवृत्तीपासून व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स, म्हणजे व्हीबीए, ही आज्ञाभाषा समाविष्ट झाली आणि तक्ते, अर्ज व अहवाल यांच्या जोडीला या भाषेत स्वतंत्र कोड लिहिण्याची सोय उपलब्ध झाली.

अशा आज्ञावल्यांच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. एका संगणकावर वर्षानुवर्षे निर्दोष चालणारी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडताच बंद पडते. त्रुटीचा संदेश मात्र भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो. नावाची डावीकडील अक्षरे काढून देणारे ‘लेफ्ट’ किंवा आजची तारीख देणारे ‘डेट’ यांसारखे अगदी प्राथमिक फंक्शन सापडत नाही, असे सांगितले जाते. मूळ कोड बरोबर असूनही तो पुन्हा लिहिला जातो, संपूर्ण ऑफिस नव्याने बसवले जाते, आणि तोपर्यंत गुणपत्रके छापण्याचे काम खोळंबते. या गोंधळाचे मूळ अनेकदा कोडमध्ये नसून त्या फाईलने धरून ठेवलेल्या लायब्ररी-संदर्भांमध्ये असते. हे संदर्भ म्हणजे काय, ते कोडद्वारे कसे वाचावेत आणि त्या वाचनातून कोणता बोध घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लायब्ररी-संदर्भाची संकल्पना

संगणकशास्त्रात ‘लायब्ररी’ म्हणजे तयार फंक्शन्स, वस्तुप्रकार आणि स्थिरांक यांचा संग्रह होय. ॲक्सेसमधील कोड स्वतःच्या बळावर फार थोडे काम करतो. तारखांची व अक्षरांची कामे व्हीबीएच्या लायब्ररीतून, अर्ज व अहवाल यांची कामे ॲक्सेसच्या लायब्ररीतून, तर तक्त्यांतील नोंदी वाचण्याचे काम डीएओ किंवा एडीओ या लायब्ररीतून होते. गुणांचा तक्ता एक्सेलमध्ये पाठवायचा असल्यास एक्सेलची लायब्ररीही जोडता येते. कोणत्या लायब्रऱ्या वापरायच्या याची यादी संपादकातील ‘टूल्स’ या मेनूखालील ‘रेफरन्सेस’ या चौकटीत दिसते. यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक संदर्भ.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. संदर्भांची यादी डेटाबेसच्या फाईलमध्येच साठवलेली असते व फाईलबरोबर प्रवास करते. प्रत्यक्ष लायब्ररी मात्र ज्या त्या संगणकावर वेगळ्या फाईलच्या रूपाने असते. अध्यापकांच्या परिचयाची उपमा द्यायची तर तालिकेतील पत्रक सोबत नेता येते, कपाटातील ग्रंथ नेता येत नाही. नव्या ठिकाणी तोच ग्रंथ त्याच आवृत्तीत उपलब्ध असेल तर काम सुरळीत चालते. नसेल तर पत्रक निरुपयोगी ठरते. अशा संदर्भाला तुटलेला संदर्भ म्हणतात आणि वरील चौकटीत त्याच्या आधी ‘मिसिंग’ हा शब्द दिसतो.

एक संदर्भ तुटला की त्याच्याशी संबंध नसलेली फंक्शन्सही का अडतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कोडमध्ये नुसते ‘लेफ्ट’ असे लिहिले असता हे नाव कोणत्या लायब्ररीतील आहे, याचा निर्णय ॲक्सेसला यादीच्या आधारे करावा लागतो. यादीतील एक दुवा निखळलेला असल्यास हा निर्णय पूर्ण होत नाही, संकलन थांबते आणि दोष त्या निरपराध फंक्शनच्या माथी येतो. त्याऐवजी ‘व्हीबीए’ हे लायब्ररीचे नाव, त्यानंतर टिंब आणि मग ‘लेफ्ट’ असे पूर्ण नाव लिहिल्यास शोधाची गरज उरत नाही व फंक्शन चालते. पुढे येणाऱ्या तपासणी-कोडचा हाच पाया आहे.

संदर्भाचे गुणधर्म

ॲक्सेसच्या ‘ॲप्लिकेशन’ या मूळ वस्तूमध्ये ‘रेफरन्सेस’ नावाचा संग्रह असतो. त्यातील प्रत्येक ‘रेफरन्स’ या वस्तूचे पुढील गुणधर्म कोडद्वारे वाचता येतात.

‘नेम’ : लायब्ररीचे संक्षिप्त नाव. कोडमध्ये टिंबाच्या आधी लिहायचे नाव हेच.

‘फुलपाथ’ : लायब्ररीची फाईल संगणकावर ज्या जागी आहे तो संपूर्ण मार्ग.

‘जीयूआयडी’ : लायब्ररीचा जागतिक ओळखक्रमांक. नाव सारखे असू शकते, हा क्रमांक मात्र त्या लायब्ररीपुरताच असतो. एक्सेलच्या लायब्ररीचा क्रमांक ०००२०८१३ या अंकांनी, तर डीएओच्या जुन्या लायब्ररीचा ०००२५ या अंकांनी सुरू होतो.

‘मेजर’ व ‘मायनर’ : लायब्ररीच्या आवृत्तीचे मुख्य व दुय्यम क्रमांक.

‘काइंड’ : संदर्भाचा प्रकार. शून्य असल्यास ती नोंदणीकृत लायब्ररी, एक असल्यास ती दुसरी ॲक्सेस फाईल असते.

‘बिल्टइन’ : ॲक्सेसला चालण्यासाठी अनिवार्य असलेला संदर्भ आहे किंवा नाही. असे संदर्भ यादीतून काढता येत नाहीत.

‘इजब्रोकन’ : संदर्भ तुटला आहे किंवा नाही.

यांपैकी ‘काइंड’ या गुणधर्माकडे बहुधा दुर्लक्ष होते. गुणपत्रकावर अंकांतील गुण अक्षरांत छापणारे फंक्शन एका सामाईक फाईलमध्ये ठेवून तिचा संदर्भ अनेक आज्ञावल्यांना दिला जातो. अशा फाईलला जागतिक ओळखक्रमांक नसतो. तिची ओळख प्रामुख्याने मार्गावरच अवलंबून असते. शैक्षणिक वर्ष बदलले म्हणून कुणी फोल्डरचे नाव बदलले, तर तो संदर्भ तुटण्यास तेवढे कारण पुरेसे ठरते.

आवृत्ती-क्रमांकांचा अर्थ

‘मेजर’ व ‘मायनर’ हे क्रमांक ऑफिसच्या आवृत्ती-क्रमांकापेक्षा वेगळे असतात. ऑफिस २००० चा अंतर्गत क्रमांक ९, २००२ चा १०, २००३ चा ११, २००७ चा १२, २०१० चा १४ आणि २०१३ चा १५ आहे. १३ हा क्रमांक वगळण्यात आला. २०१६ व त्यानंतरच्या आवृत्त्या १६ हाच क्रमांक धारण करतात. त्यामुळे केवळ या क्रमांकावरून २०१६ व २०२१ यांत फरक करता येत नाही.

एक्सेलच्या लायब्ररीचा ‘मेजर’ क्रमांक मात्र सतत १ राहिला व ‘मायनर’ वाढत गेला. एक्सेल २००० साठी तो ३, २००२ साठी ४, २००३ साठी ५, २००७ साठी ६, २०१० साठी ७, २०१३ साठी ८ आणि २०१६ साठी ९ आहे. तपासणीत एक्सेलच्या ओळखक्रमांकासमोर १ व ५ असे आकडे आल्यास ती फाईल एक्सेल २००३ असलेल्या संगणकावर शेवटची जतन झाली, असा तर्क करता येतो. फाईल तयार करणारी व्यक्ती बदलून गेल्यानंतर असा पुरावा मोलाचा ठरतो.

संदर्भ तुटण्याची प्रमुख कारणे

पहिले कारण आवृत्त्यांची सरमिसळ हे होय. नव्या आवृत्तीत फाईल उघडली असता ॲक्सेस जुन्या एक्सेल किंवा वर्ड लायब्ररीच्या जागी नवी लायब्ररी आपोआप घेते. उलट दिशेने मात्र तसे होत नाही. कार्यालयातील चार संगणक एकच सामाईक फाईल वापरत असतील आणि त्यांपैकी एकावरच नवे ऑफिस बसवले असेल, तर त्या एका संगणकावर फाईल उघडल्यामुळे उरलेल्या तिघांचे काम अडते. ज्याच्याकडे बिघाड दिसतो त्याने काहीच केलेले नसते आणि ज्याच्यामुळे तो घडला त्याच्याकडे सर्व ठीक चालते. म्हणून तक्त्यांची फाईल सामाईक ठेवून अर्ज, अहवाल व कोड यांची स्वतंत्र प्रत प्रत्येक संगणकावर देणे श्रेयस्कर ठरते.

दुसरे कारण म्हणजे एखादा घटक कालबाह्य होणे. जन्मतारीख निवडण्यासाठी प्रवेशाच्या अर्जावर पूर्वी कॅलेंडर कंट्रोल बसवण्याची पद्धत होती. ॲक्सेस २०१० मधून हा घटक काढून टाकण्यात आला. ज्या फाईलमध्ये त्याचा संदर्भ राहिला, तेथे केवळ तारखेची चौकट नव्हे तर संपूर्ण कोड अडू शकतो. ॲक्सेस २००७ पासून तारीख निवडण्याची सोय अंगभूत असल्याने तो संदर्भ आज अनावश्यकही आहे. याच वर्गातील अलीकडचे उदाहरण व्हीबीस्क्रिप्टचे होय. विंडोजमधून ही भाषा टप्प्याटप्प्याने काढण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. अक्षररचना तपासण्यासाठी तिच्या ‘रेग्युलर एक्सप्रेशन्स’ या लायब्ररीचा संदर्भ घेतलेल्या फाईली आजच हुडकून ठेवणे शहाणपणाचे आहे.

तिसरे कारण ३२ व ६४ बिट यांतील भेद. ऑफिस २०१० पासून ६४ बिट आवृत्ती उपलब्ध झाली आणि ऑफिस २०१९ पासून तीच मूलतः बसवली जाऊ लागली. ३२ बिटांसाठी तयार केलेले जुने दृश्य घटक तिच्यात चालत नाहीत. घटकाची फाईल संगणकावर डोळ्यांना दिसते, तरीही संदर्भ तुटलेला राहतो, तो यामुळे.

याशिवाय एक सूक्ष्म दोष असा, की ज्यात एकही संदर्भ तुटलेला नसतो. डीएओ व एडीओ या दोन्ही लायब्रऱ्यांमध्ये ‘रेकॉर्डसेट’ नावाचा वस्तुप्रकार आहे. नुसते ‘रेकॉर्डसेट’ असे लिहिल्यास यादीत जी लायब्ररी वर असेल तिचा प्रकार घेतला जातो. ॲक्सेस ९७ मध्ये डीएओ प्रचलित होती; ॲक्सेस २००० मधील नव्या फाईलला मात्र मूलतः एडीओचा संदर्भ मिळत असे. त्यामुळे जुन्या फाईलमधून नव्या फाईलमध्ये उतरवून घेतलेला कोड प्रकार जुळत नसल्याचा १३ क्रमांकाचा दोष दाखवू लागला. सारांश, संदर्भ आहेत किंवा नाहीत एवढे पाहणे पुरेसे नाही. त्यांचा क्रमही नोंदवला पाहिजे.

वाचनाची पद्धती

तपासणीचा कोड स्वतंत्र मॉड्यूलमध्ये लिहावा व त्यात अन्य काहीही ठेवू नये. ॲक्सेस गरजेनुसार एकेक मॉड्यूल संकलित करू शकते. म्हणून निर्दोष मॉड्यूल वेगळे असल्यास तुटलेला संदर्भ असतानाही ते चालण्याची शक्यता राहते. त्यातील प्रत्येक फंक्शन ‘व्हीबीए’ या उपपदासह लिहावे. चलाचा प्रकार घोषित करताना नुसते ‘रेफरन्स’ न लिहिता ‘ॲक्सेस’, टिंब, ‘रेफरन्स’ असे लिहावे.

त्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो.

१. ‘ॲप्लिकेशन’ मधील ‘ब्रोकनरेफरन्स’ हा गुणधर्म वाचावा. फाईलमध्ये एकतरी तुटलेला संदर्भ आहे काय, याचे उत्तर त्यातून मिळते. कोणता, ते मात्र कळत नाही.

२. ‘फॉर इच’ या पुनरावर्ती रचनेने ‘रेफरन्सेस’ संग्रहातील प्रत्येक वस्तू क्रमाने घ्यावी व तिचा अनुक्रमांक नोंदवावा.

३. सर्वप्रथम ‘इजब्रोकन’ वाचावे. त्यानंतर ‘काइंड’, ‘जीयूआयडी’, ‘मेजर’ व ‘मायनर’ वाचावे.

४. संदर्भ शाबूत असेल तरच ‘नेम’ व ‘फुलपाथ’ सरळ वाचावे. तुटलेल्या संदर्भाचे नाव किंवा मार्ग विचारल्यास तेथेच नवा दोष उद्भवू शकतो आणि तपासणी अर्धवट राहते. म्हणून अशा वेळी दोषनिवारणाची सोय करून हे दोन गुणधर्म शेवटी वाचावेत; न मिळाल्यास ती जागा रिकामी सोडून पुढे जावे.

५. शाबूत संदर्भाच्या फाईलची तारीख व आकार ‘फाईलडेटटाईम’ व ‘फाईललेन’ या फंक्शनांनी घ्यावा. आवृत्ती-क्रमांक तोच असूनही दोन संगणकांवरील फाईली भिन्न असू शकतात.

६. संगणकाचे नाव, दिनांक व ॲक्सेसची आवृत्ती यांसह ही माहिती एका साध्या मजकूर-फाईलच्या शेवटी जोडावी.

ही माहिती तक्त्यात न लिहिता मजकूर-फाईलमध्ये का लिहावी, याला कारण आहे. तक्त्यात लिहिण्याच्या नेहमीच्या मार्गाला डीएओचा आधार लागतो आणि तिच्याच शाबुतीबद्दल तर शंका असते. मजकूर-फाईल उघडणे व तीत ओळ लिहिणे या क्रिया मात्र आज्ञाभाषेतच अंगभूत आहेत.

मराठी वापरकर्त्यांनी येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. ॲक्सेस २००० पासून तक्त्यांमध्ये व अर्जांवर युनिकोड देवनागरी ठेवता येते. परंतु व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही, आणि मजकूर-फाईलमध्ये नेहमीच्या आज्ञेने लिहिलेली देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हांत बदलतात. फोल्डरचे नाव ‘परीक्षा विभाग’ असे देवनागरीत असेल तर नोंदवलेला मार्ग वाचता येणार नाही. त्यामुळे कोड व सामाईक फाईली असलेल्या फोल्डरांची नावे रोमन लिपीत ठेवणे सोयीचे. आणि वापरकर्त्याला मराठीत सूचना द्यायची असल्यास ती कोडमध्ये न लिहिता अर्जावरील लेबलमध्ये लिहून तो अर्ज उघडावा.

तपासणी केव्हा चालवावी, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. ‘ऑटोएक्झेक’ या नावाचा मॅक्रो फाईल उघडताच आपोआप चालतो. त्यातून तपासणीचे फंक्शन बोलवावे. तथापि पर्यायांमध्ये आरंभीचा अर्ज ठरवलेला असल्यास तो या मॅक्रोच्याही आधी उघडतो आणि त्यातील कोड तेथेच अडखळतो. म्हणून आरंभीचा अर्ज पर्यायांतून काढून टाकावा व तपासणी संपल्यावर मॅक्रोनेच तो उघडावा. तसेच ॲक्सेस २००७ पासून विश्वासार्ह न ठरवलेल्या जागेतील फाईलचा कोड रोखला जातो. तपासणीची नोंदच झाली नाही, तर आधी ही बाब पाहावी.

वाचनानंतरची उपाययोजना

वाचनातून मिळालेल्या यादीवर प्रथम करावयाची कृती म्हणजे छाटणी. प्रयोग म्हणून जोडलेले व नंतर न वापरलेले संदर्भ काढून टाकावेत. संदर्भ काढून संकलनाची आज्ञा दिली असता दोष न आल्यास तो बहुधा अनावश्यक होता. मात्र अर्जांवर त्या लायब्ररीचा एखादा दृश्य घटक शिल्लक नाही, याची खात्री स्वतंत्रपणे करावी.

दुसरा उपाय उशिरा जोडणीचा. एक्सेल किंवा वर्ड यांचा संदर्भ न ठेवता चल साध्या ‘ऑब्जेक्ट’ प्रकाराचे घोषित करून ‘क्रिएटऑब्जेक्ट’ या फंक्शनने ती वस्तू चालू वेळी निर्माण करता येते. यामुळे संगणकावर एक्सेलची कोणतीही आवृत्ती असली तरी काम चालते. याची किंमतही आहे. लिहिताना मिळणारी सूचनायादी मिळत नाही व त्या लायब्ररीतील स्थिरांक ओळखले जात नाहीत. उदाहरणार्थ, एक्सेलमधील शेवटची भरलेली ओळ शोधताना वापरला जाणारा ‘एक्सएलअप’ हा स्थिरांक उणे ४१६२ या मूल्यासह स्वतः घोषित करावा लागतो. म्हणून लिहिताना संदर्भ ठेवावा आणि वितरणापूर्वी तो काढून उशिरा जोडणी करावी, ही पद्धत व्यवहार्य ठरते.

तिसरा उपाय कोडद्वारेच दुरुस्ती करण्याचा. ‘रिमूव्ह’ या पद्धतीने तुटलेला संदर्भ काढून ‘ॲडफ्रॉमजीयूआयडी’ किंवा ‘ॲडफ्रॉमफाईल’ या पद्धतीने नवा जोडता येतो. मात्र तुटलेला संदर्भ काढण्याची क्रिया नेहमीच यशस्वी होत नाही. शिवाय मूळ कोड काढून टाकलेल्या एमडीई व एसीसीडीई प्रकारच्या फाईलींमध्ये संदर्भ बदलता येत नाहीत. त्यातच सामाईक फाईलमध्ये एकासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्यासाठी बिघाड ठरू शकते. म्हणून वाचनाचे काम कोडकडे आणि बदलाचा निर्णय जाणत्या व्यक्तीकडे, अशी विभागणी अधिक सुरक्षित होय.

समारोप

संदर्भांचे वाचन ही तांत्रिकदृष्ट्या मोठी बाब नाही. पाच-पंचवीस ओळींच्या कोडमध्ये ती साध्य होते. तिचे महत्त्व संस्थात्मक आहे. महाविद्यालयातील अशा आज्ञावल्या बहुधा एका व्यक्तीच्या कौशल्यावर उभ्या असतात. ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा बदलून गेली, की फाईल मागे उरते. परंतु ती कोणत्या लायब्रऱ्यांच्या आधारावर चालते, हे ज्ञान उरत नाही. संगणक बदलण्याची वेळ आली, की या अज्ञानाची किंमत विद्यार्थ्याला चुकवावी लागते. त्याचा दाखला किंवा गुणपत्रक वेळेवर हाती पडत नाही, आणि कारण विचारले असता ‘संगणक बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते.

यावर उपाय म्हणून तपासणीतून मिळालेली यादी केवळ संगणकात न ठेवता छापून आज्ञावलीच्या माहितीपत्रकाला जोडावी. नवा संगणक घेताना किंवा ऑफिसची आवृत्ती बदलताना जुन्या व नव्या संगणकांवरील याद्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात. ज्या ओळीत फरक दिसेल तेथूनच शोधाला आरंभ करावा. ग्रंथालयाची दाखल नोंदवही ज्या शिस्तीने एका ग्रंथपालाकडून दुसऱ्याकडे सुपूर्त केली जाते, त्याच शिस्तीने ही यादी कार्यभार देताना सुपूर्त झाली, तर आज्ञावली एका व्यक्तीची न राहता संस्थेची होईल.